उभ्या गाडीचा खर्च

चेन्नईच्या हेड ऑफिसातून मी तंजावूरला गेलो तो आठवड्याभरात परतायच्या बोलीवर. खरा परतलो तेव्हा भाताची पुढची कापणीसुद्धा उरकली होती. याला कारण एक बाई. त्यांच्याविषयी मी कुणाला फारसं सांगत नाही, कारण सांगायला लागलो की ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर 'हा जरा वाढवून सांगतोय' असं उमटतं आणि मला राग येतो.

आमची कंपनी तांदळाची. गावाबाहेर मोठं आवार होतं. एका टोकाला गिरणी आणि पॅकिंगचा हॉल, दुसऱ्या टोकाला गोदामं, आणि मधून कालव्याचा एक फाटा गेलेला, त्यावर अरुंद पूल. हॉलमध्ये पोती भरली, शिवली, की ती ट्रॉल्यांवर चढवायची आणि चार-पाच ट्रॉल्यांची माळ एका बुटक्या, जाड चाकांच्या गाडीने ओढत पुलावरून गोदामात न्यायची. त्या गाडीला टो ट्रॅक्टर म्हणतात. शेतातल्या ट्रॅक्टरशी तिचं नातं नावापुरतं. तिथले कामगार तिला नुसतं 'वंडी' म्हणत. तमिळमध्ये गाडी म्हणजे वंडी.

सगळ्या वंड्या डिझेलच्या होत्या आणि थकल्या होत्या. नव्या घ्यायच्या त्या डिझेलच्याच की विजेच्या, एवढं ठरवायचं होतं. मी अकाउंट्समधला माणूस. दोन्हींचा चालवण्याचा खर्च काढायचा, शेजारी शेजारी मांडायचा, प्लँटच्या प्रमुखांची सही घ्यायची आणि संध्याकाळची गाडी पकडायची, असा माझा बेत होता.

प्रमुख म्हणजे त्या. पहिल्या दिवशी गेटवरच्या माणसाला विचारलं तर त्याने आवाराकडे बोट दाखवलं. पन्नाशी ओलांडलेल्या एक बाई, सुती साडी किंचित वर खोचलेली, चपला हातात, वंड्यांच्या रस्त्यावरून खाली बघत सावकाश चालल्या होत्या. मला वाटलं, काहीतरी पडलंय. मी जवळ जाऊन इंग्रजीत विचारलं, काय शोधताय?

"खडा," त्या म्हणाल्या. "जेथे माझ्या पायास टोचतं तेथे टायरासही टोचतं. टायर सांगत नाही. मी सांगते."

हे त्या चक्क मराठीत बोलल्या. माझं आडनाव त्यांना चेन्नईहून आधीच कळलं होतं.

"कोठले?"

"बार्शीचा."

"मग मराठीच बोला की हो. घरात आम्हीही तेच बोलतो."

त्यांचं घराणं मराठ्यांच्या राज्यात इकडे आलेलं, आणि तेव्हापासून इथलंच झालेलं. महाराष्ट्र त्यांनी कधी पाहिला नव्हता. भाषा मात्र त्यांनी अशी सांभाळली होती, की ती ऐकताना मलाच आपण कुठून तरी उशिरा आल्यासारखं वाटायचं. 'मला' नव्हे, 'मज'. 'झालं' नव्हे, 'जाहलं'. 'पाहिजे' म्हणायचं तिथे 'होणा'. आणि प्रत्येक वाक्याचं शेपूट तमिळसारखं वर उचललेलं. देवनागरी त्यांना वाचता येत नसे. वाणसामानाची यादी त्या मराठीत करत आणि तमिळ अक्षरांत लिहीत. कामगार त्यांना पेरियम्मा म्हणत, म्हणजे थोरली मावशी. मी अक्का म्हणू लागलो.

त्यांना केबिन होती. एसी होता, काचेचं टेबल होतं. तिथे बिस्किटांचे डबे आणि पाहुणे ठेवत. स्वतः त्या हॉल आणि पूल यांच्या मधल्या पत्र्याच्या शेडमध्ये एका उंच लाकडी टेबलाशी उभ्या असत. "केबिनीतून काय दिसतं?" त्या म्हणत, "केबिन." दहीभात आणि लिंबाचं लोणचं उभ्यानेच खात. त्यांच्यापुढे 'साधारण', 'अंदाजे', 'जवळपास' असले शब्द काढायची सोय नव्हती. कुणी म्हणालं, "साधारण दुपारपर्यंत होईल," की त्या अगदी गोड आवाजात विचारत, "साधारण दुपार घड्याळात कोठे असते हो?"

मी माझा तक्ता त्यांच्यापुढे ठेवला. डिझेल, ऑइल, फिल्टर, दुरुस्ती एका बाजूला. वीज, बॅटरीचं पाणी, चार्जर, काही वर्षांनी नवी बॅटरी दुसऱ्या बाजूला. आकडे विक्रेत्यांच्या माहितीपत्रकातून घेतलेले. विजेची गाडी सरळ सरळ जिंकत होती. मला माहीत होतं की अक्कांना विजेचीच गाडी हवी आहे, सगळ्या प्लँटला माहीत होतं. म्हणून वाटलं, सही लगेच होईल.

त्यांनी तक्ता नीट वाचला, घडी केली आणि माझ्या खिशात परत ठेवला.

"वंडीवर कधी बसलात?"

"नाही."

"मग खर्च कोणाचा लिहिलात?"

दुसऱ्या दिवशी मी सकाळपासून अरोकियमच्या शेजारी पत्र्याच्या आसनावर होतो. अरोकियम हा सगळ्यात जुना चालक, आणि डिझेल इंजिनाचा घरगुती डॉक्टरही तोच. माणूस उंच, अबोल. मी कशासाठी आलोय हे त्याला ठाऊक होतं. विजेच्या गाड्या आल्या की त्याचं अर्धं काम जाणार, हेही त्याला ठाऊक होतं. त्यामुळे तो माझ्याशी त्या दिवशी जे बोलला ते एकच वाक्य: "सार, पाय आत घ्या."

दुपारपर्यंत माझी पाठ गेली. कानात इंजिन भरून राहिलं होतं. पाठीपेक्षा वाईट होता तो हॉल. पोती चढेपर्यंत वंडी तिथे चालू ठेवूनच उभी करत. धुराड्याचं तोंड खालच्या बाजूला, आणि त्याच उंचीवर पोत्यांची तोंडं शिवणाऱ्या बायका. त्यांची पुढारीण वळ्ळी नावाची, माझ्या आईच्या वयाची. तोंडाला पदर बांधून ती हातातलं शिवणयंत्र चालवत होती आणि दर काही पोत्यांनंतर थांबून खोकत होती. तो खोकला इंजिनाच्या आवाजात ऐकू येत नव्हता, नुसता दिसत होता. खांदे हलायचे. डॉक्टरांनी तिला हे काम सोडायला सांगितलं होतं. पण घरात कमावणारी तीच होती.

संध्याकाळी मी शेडमध्ये आलो तेव्हा अक्कांनी एकच प्रश्न केला.

"वंडी किती चालली, किती उभी राहिली?"

मी म्हटलं, "चालली त्यापेक्षा जास्त वेळ उभीच होती."

"बंद उभी, की चालू उभी?"

"चालूच."

"का?"

ते मी कुणाला विचारलंच नव्हतं. त्या हसल्या. "चालत्या गाडीचा खर्च सगळे विचारतात. उभ्या गाडीचा कोणी विचारत नाही. जा, अरोकियमास विचारा."

अरोकियमने मला वंडी बंद करून दाखवली. मग चालू करायला गेला. स्टार्टर कुरकुरला, थांबला, पुन्हा कुरकुरला. शेवटी दोघांनी ढकलल्यावर ती सुरू झाली. सगळ्याच वंड्यांचे स्टार्टर असे झालेले. एकदा बंद केली तर पुन्हा सुरू होईल याची खात्री नाही, म्हणून कुणी बंदच करत नसे. निम्मं डिझेल एका जागी उभं राहून जळत होतं आणि वळ्ळीच्या छातीत जात होतं.

मला तर हर्षच झाला. म्हटलं, अक्का, हे लिहूया, डिझेलची बाजू आणखी पडते.

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की तो हर्ष तिथल्या तिथे विरला. "आजारी माणसास धावायला लावून तो हरला म्हणणार तुम्ही? तसा हिशेब मज नको. आधी त्यास बरा करा."

आणि त्यांनी सगळ्या डिझेल वंड्यांचे स्टार्टर बदलून घेतले. फिल्टर बदलले, टायरांत हवा नेमकी भरून घेतली, चालकांना बोलावून सांगितलं की वंडी उभी राहिली की बंद करायची. डिझेलचा खर्च धाडकन खाली आला. ज्या बाईला त्या गाड्या आवारातून घालवायच्या होत्या, तिनेच त्यांना न्हाऊ-माखू घालून, चांगल्या करून तुलनेला उभं केलं. अरोकियम माझ्याशी त्या दिवशी पहिल्यांदा आपणहून बोलला. पुलाच्या कठड्याला टेकून तो म्हणाला, "पेरियम्माला आमची वंडी नको आहे. मग तिने तिला बरी का केली?" मी म्हटलं, मलाही तेच कळत नाही. तो म्हणाला, "मला कळलं आहे. म्हणून तर भीती वाटते. आता ती जे म्हणेल ते खरंच असणार."

मग विजेची एक गाडी नमुना म्हणून आली. बरोबर विक्रेत्याचा माणूस, टाय लावलेला, हसतमुख. त्याला वाटलं होतं सपाट फरशीवर दोन फेऱ्या मारून चहा घेऊन जायचं. अक्कांनी त्याला वैशाखातल्या दुपारी पुलावर नेलं. पुलाचा चढ अवघड होता. भरलेल्या ट्रॉल्यांची माळ घेऊन विजेची वंडी तो चढ चढायची, पण प्रत्येक चढाला बॅटरीतून घोट घोट जास्त घ्यायची. दुपार उतरता उतरता तिचा काटा नको तितका खाली आला. संध्याकाळी चार्जिंगला लावायची म्हटलं, तर तेव्हा विजेचा दर चढलेला. आणि वीज गेली तर चार्जर चालणार जनरेटरवर.

"आणि जनरेटर कशावर चालतो?" अक्कांनी त्या माणसाला विचारलं.

"डिझेलवर, मॅडम."

"म्हणजे तीही डिझेलचीच वंडी जाहली. फक्त लांबून जेवणारी."

तो टाय सैल करत कसंनुसं हसला. पण तोच जाता जाता मला म्हणाला, "या बाई आमच्या कंपनीत असत्या तर आम्ही आमची माहितीपत्रकं जाळून टाकली असती."

मी सगळं पुन्हा मांडलं. आता दोन्ही बाजू अगदी जवळ जवळ आल्या होत्या, आणि नवी बॅटरी धरली तर डिझेल थोडंसं पुढे. मी तो कागद टेबलावर ठेवला आणि बाहेर बघत राहिलो. अक्कांनी वाचला. हॉलमधून वळ्ळी पोत्यांचा गठ्ठा घेऊन चालली होती. तिच्याकडे त्यांची नजर गेली, परत कागदावर आली, आणि त्यांनी सही केली.

"अक्का, हे असंच पाठवायचं?" मी विचारलं.

"हे खरं आहे ना?"

"हो."

"मग दुसरं काय पाठवणार?"

फक्त एक गोष्ट त्यांनी केली. तक्त्याच्या खाली आणखी एक ओळ आखायला लावली. नाव दिलं 'धूर'. पुढची जागा दोन्हीकडे कोरी.

हेड ऑफिसातल्या बैठकीला मी त्यांच्याबरोबर गेलो. आमचे मोठे साहेब, कंपनीचे संचालक, वेळ न दवडणारे म्हणून प्रसिद्ध होते. त्यांनी शेवटचा आकडा पाहिला, "डिझेल" म्हणाले आणि पुढच्या विषयाकडे वळणार तेवढ्यात ती कोरी ओळ त्यांना दिसली.

"हे काय? भरायचं राहिलंय?"

"नाही, सार," अक्का म्हणाल्या. तिथे त्या तमिळमध्ये बोलत होत्या, पण मला अजून ते त्यांच्या मराठीतच ऐकू येतं. "त्याचा आकडा मज ठाऊक नाही. ठाऊक नाही तो मी लिहिणार नाही. पण तो खर्च आहे, म्हणून खोडणारही नाही."

"मग कोण भरणार?"

"तुम्ही. पुढची बैठक आमच्या पॅकिंग हॉलमध्ये घ्या. एक दुपार बसा. तुम्हांस जो आकडा वाटेल तो तुम्ही घाला, मी त्यावर सही करीन."

साहेबांशी असं कुणी बोलत नसे. मला वाटलं, ही बाई आज नोकरीवरून जाते. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, आणि म्हणाले, "येतो."

ते आले. हॉलच्या मधोमध टेबल मांडलं होतं, चार खुर्च्या. अक्कांनी काहीही नेहमीपेक्षा वेगळं करू दिलं नव्हतं. वंड्या येत होत्या, थांबत होत्या, बंद होत होत्या, पुन्हा सुरू होत होत्या. आता निम्माच धूर होता. तरी सुरू होताना प्रत्येक वंडी एक काळा झोत टाकायची आणि तो बायकांच्या तोंडावर जायचा. साहेब कागद वाचायला लागले, थांबले. काहीतरी म्हणाले, ते शेजारच्यालाही ऐकू गेलं नाही. त्यांनी रुमाल काढला, नाकाला लावला, मग समोर बायका बसल्या आहेत हे लक्षात आलं असावं, कारण तो रुमाल त्यांनी पुन्हा खिशात ठेवला. आणि बसून राहिले. मला वाटलं होतं, चहा येईपर्यंत उठतील. पाळी सुटेपर्यंत ते उठले नाहीत.

निघताना म्हणाले, "मलाही आकडा येत नाही. तुम्हाला काय हवं आहे?"

"पुढच्या कापणीपर्यंत वेळ. आणि माती."

"माती?"

"पुलाचा चढ मोडायचा आहे, सार."

विजेच्या वंडीला हरवलं होतं ते त्या चढाने. पूल तसाच ठेवून दोन्ही बाजूंचा रस्ता लांबून, सावकाश चढवत आणला, की बॅटरीवरचा ताण उतरणार होता. पावसाळ्याआधी मातीचे ट्रक आले. अक्का सकाळी त्या भरावावर उभ्या असायच्या, हातात दोरी आणि पाणसळ. कंत्राटदार म्हणाला, "एवढा उतार डोळ्याला कळतही नाही." त्या म्हणाल्या, "डोळ्यास नको कळू दे. बॅटरीस कळायला होणा." चार्जिंगची वेळही त्यांनी बदलली, जेवणाच्या सुट्टीत थोडं, आणि पहाटे, दर उतरलेला असताना थोडं. आणि चढ मोडल्याचा फायदा डिझेलच्या वंडीलाही होतो, म्हणून तिचंही मोजमाप नव्याने घ्यायला लावलं. माझ्या मनात ते आलंसुद्धा नव्हतं.

त्या दिवसांत माझं जेवण बहुतेक त्यांच्या घरी होई. त्यांचे भाऊ तिरुवैयारुला वीणा शिकवत. घरातले सगळे गाणारे-वाजवणारे, एकट्या अक्काच बेसूर. भाऊ मला वाढता वाढता म्हणाले, "आमच्या वडिलांनी हिला लहानपणी वीणेसमोर बसवलं. हिने ती उघडून आत काय आहे ते पाहिलं." अक्का म्हणाल्या, "लाकूड होतं." आणि सांबारं वाढायला उठल्या.

कापणी झाली. गिरणी रात्रंदिवस चालू झाली. दोन्ही गाड्या त्याच रस्त्यावर, तोच माल घेऊन, तेच चालक आलटून पालटून बसवून चालवल्या. मी आकडे मांडले. विजेची वंडी पुढे होती, आणि या वेळी फरक शंका घेण्याजोगा नव्हता. मी कागद घेऊन शेडकडे अक्षरशः धावत गेलो. अक्कांनी सही केली, आणि म्हणाल्या, "अरोकियमास बोलवा."

तो आला. त्या त्याच्याशी तमिळमध्ये बोलल्या. बॅटरीची खोली तुझ्याकडे. पाणी, तारा, चार्जर, सगळं तू शिकायचं. इंजिनाची नाडी बघणाऱ्याला बॅटरीची का बघता येणार नाही? अरोकियम मान खाली घालून उभा होता. मग म्हणाला, "पेरियम्मा, हरलो म्हणून मला वाईट वाटत नाही. तुम्ही आमच्या वंडीला बरी करून हरवलंत."

नव्या वंड्या आल्या त्या दिवशी हॉलमध्ये जे झालं ते मी कधी विसरणार नाही. काहीच झालं नाही. माळ आली, थांबली, पोती चढली, माळ गेली. बायका शिवत होत्या. आणि हळूहळू हॉलमध्ये एक गोष्ट ऐकू यायला लागली, ती म्हणजे त्या बायकांचं बोलणं. एका टोकाची दुसऱ्या टोकाच्या बाईला सुनेविषयी सांगत होती, आणि मधल्या सगळ्या ते ऐकून हसत होत्या. इतकी वर्षं एका छपराखाली काम करून त्यांनी एकमेकींचे आवाज असे ऐकले नव्हते. वळ्ळीने पदर तोंडावरून सोडला. अक्का दारात उभ्या होत्या. त्यांना कुणी हार घातला नाही, त्यांनी भाषण केलं नाही. थोडा वेळ ऐकलं आणि निघून गेल्या.

मी चेन्नईला परतलो. आणि काही दिवसांतच फोन आला: वळ्ळीला वंडी लागली.

ती डोक्यावर रिकाम्या पोत्यांचा भारा घेऊन हॉलमधून बाहेर पडली होती, आणि मागून अरोकियमची वंडी आली. आवाजच नव्हता. तिने पाहिलं नाही, डोक्यावर भारा असल्याने पाहता येणारही नव्हतं. वंडीला हॉर्न होता. पण इतकी वर्षं इंजिनच अरोकियमसाठी ओरडत आलं होतं, त्याला हॉर्न वाजवायची सवयच नव्हती. त्याने ब्रेक मारला, पण मागच्या भरल्या ट्रॉल्यांनी वंडीला पुढे रेटलं. वळ्ळी पडली. मनगट मोडलं. आणखी थोडं पुढे रेटलं असतं तर, हा विचार सगळ्यांच्याच मनात होता.

हेड ऑफिसने अहवाल मागवला आणि कसा लिहायचा तेही सुचवलं: चालकाचा निष्काळजीपणा. तसं लिहिलं की प्रकरण मिटत होतं. फोनवर ते सांगायचं काम माझ्याकडे आलं. अक्का ऐकून घेत होत्या. मग म्हणाल्या, "बार्शीचे, तुम्हांस एक ठाऊक आहे? मज डाव्या कानाने ऐकू येत नाही. तरुणपणी जनरेटरच्या खोलीत काम केलं, तेव्हापासून. माझ्या त्या बाजूने येणारी प्रत्येक वंडी मज मुकीच असते. मी मान वळवून पाहते. मज सवय आहे. म्हणून मज सुचलंच नाही, की दुसऱ्यांस ती सवय नसते. सगळं मोजलं मी. आवाज निघून गेल्याचा खर्च मोजला नाही. चूक अरोकियमाची नाही. माझी. तसं लिहा."

मी तसं लिहिलं. त्यांनी त्यावर सही केली आणि तोच मजकूर तमिळमध्ये हॉलच्या दारात लावला. मग वळ्ळीच्या घरी गेल्या. अरोकियमही बरोबर होता. त्यानेच मला पुढे सांगितलं. अक्का जमिनीवर बसल्या आणि म्हणाल्या, "तुला हवं तर मी जुन्या वंड्या परत आणते. अजून विकलेल्या नाहीत." वळ्ळी प्लास्टर घातलेला हात मांडीवर घेऊन म्हणाली, "हात बरा होईल, पेरियम्मा. छाती आत्ता कुठे बरी व्हायला लागली आहे. धूर आणू नका."

चाक फिरलं की आपोआप वाजत राहणारे भोंगे मागवायचं ठरलं. ते चेन्नईत तयार होणार होते आणि त्यांना वेळ लागणार होता. कापणीचा माल मात्र थांबणारा नव्हता. मी रोज त्या दुकानात खेटे घातले. तयार झाले त्या दिवशी ते खोकं पोस्टाने पाठवायचं सोडून मी स्वतःच घेऊन तंजावूरच्या गाडीत बसलो.

सकाळी आवाराच्या गेटातून आत शिरलो. ऊन चढलं होतं. पुलाच्या दिशेने आवाज येत होता, बाईचा आवाज, खडा, पण ओरडून बसलेला, जराही सूर नसलेला: "वंडी वरुदु! ओरमा पोंगा!" गाडी येतेय, बाजूला व्हा.

त्या प्लँटच्या प्रमुख, निवृत्तीला आलेल्या, वंडीच्या पुढे चालत होत्या. छत्री नाही, डोक्यावर पदर. दर काही पावलांना हात उंचावून ओरडत होत्या, डावीकडे मान वळवून पाहत होत्या, पुन्हा ओरडत होत्या. मागे अरोकियम, त्यांच्या चालीने वंडी चालवत, पाठ ताठ, डोळे त्यांच्या पाठीवर. त्याच्यामागे भरल्या ट्रॉल्यांची लांब माळ. गेटवरच्या माणसाने मला सांगितलं, अपघात झाला त्याच्या दुसऱ्या दिवसापासून हे असंच चालू आहे. सकाळची पाळी, दुपारची पाळी. दुसऱ्या कुणी चालतो म्हटलं तर त्यांनी चालू दिलं नाही. बाकीच्या वंड्या उभ्या करून ठेवल्या होत्या. एकच चालत होती, कारण पुढे चालायला माणूस एकच होतं.

मी खोकं छातीशी धरून रस्त्याच्या मधोमध उभा राहिलो होतो. मला ओरडून सांगायचं होतं की अक्का, आणलं, आता थांबा. मी ते नुसतं वर उचलून दाखवलं. त्या जवळ आल्या. त्यांनी मला ओळखलं, खोकंही पाहिलं. घाम डोळ्यांत गेला होता. त्या थांबल्या नाहीत. त्यांनी हात वर केला आणि त्या बसलेल्या आवाजात, मराठीत म्हणाल्या,

"बाजूस व्हा हो. वंडी येते."

मी बाजूला झालो.